पंचवीस टक्क्यांवर बंद पडणारा फोन आणि नवा घ्यायची ओढ

पत्र

नमस्कार. मी सांगोला तालुक्यातली. पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. माझा अँड्रॉइड फोन तीन वर्षांचा आहे, ६ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज. दुपारपर्यंत चार्जिंग संपतं, कधीकधी २५ टक्क्यांवरच फोन बंद पडतो. फोटो धुरकट येतात. लॅपटॉप दादाचा आहे, २०१९ चा. त्यावर सॉलिडवर्क्स (यंत्रांच्या भागांचं डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) उघडायला सहा-सात मिनिटं लागतात. दिवाळीत आमच्या विंगमधल्या पाचजणींनी नवे फोन घेतले आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. ४८ हजारांचा एक फोन बघून ठेवलाय, ‘नो कॉस्ट’ ईएमआयवर महिना चार हजार. पप्पांना विचारलं तर म्हणाले, घे बाळा, बघू काहीतरी. आमची डाळिंबाची बाग आहे, यंदा तेल्या रोगानं बरंच नुकसान झालंय. मला खरंच गरज आहे, की सगळ्यांचं बघून मी हट्ट करतेय? असं का होतं, आणि नेमकं काय करू?

– एक विद्यार्थिनी

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात चार तक्रारी आहेत. बॅटरी टिकत नाही, फोन मधेच बंद पडतो, फोटो धुरकट येतात, लॅपटॉप रखडतो. चारही खऱ्या आहेत आणि त्यातली एकही ४८ हजारांची नाही. शिवाय बघ, ज्या तक्रारीनं तुझं शिक्षण अडतंय ती लॅपटॉपची आहे आणि पैसे निघालेत फोनकडे. हे असं का होतं ते पुढे सांगतो, पण आधी फोन हातात घे. कारण बिघाडाला नाव मिळालं की ओढ अर्धी उतरते, आणि उरलेली अर्धी नीट दिसते.

लिथियम-आयन बॅटरी ही सायकलच्या टायरसारखी झिजणारी वस्तू आहे. साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर तिची साठवण मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येणार, असा हिशेब धरून फोनच्या बॅटऱ्या वर्षानुवर्षं बनत आल्या. अलीकडच्या काही फोनमध्ये हा आकडा ८०० ते १००० पर्यंत गेलाय. पूर्ण चार्ज म्हणजे शून्यापासून शंभरपर्यंत जाते तेवढी वीज. पन्नास टक्के दोनदा भरलंस तरी तो एकच धरायचा. तीन वर्षं रोज एकदा भरलेला फोन हजाराच्या पुढे गेलेला असतो. त्यात उशीखाली ठेवून रात्रभर चार्जिंग, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवणं, चार्जिंगला लावून गेम खेळणं हे असेल तर उष्णतेनं झीज आणखी लवकर होते.

आता ते २५ टक्क्यांवर बंद पडणं. हे तुला घरच्या बोअरवरून लगेच कळेल. बोअरला पाणी असतं, पण मोठा पंप लावून एकदम ओढलं की पाणी तुटतं. जरा थांबलं की परत येतं. झिजलेल्या बॅटरीचा आतला विरोध वाढलेला असतो. फोन नुसता खिशात असतो तेव्हा वीज थोडीच लागते, त्यामुळे काही जाणवत नाही. कॅमेरा उघडून फ्लॅश मारलास, त्याच वेळी फोन कमजोर नेटवर्कशी झगडत असला, की एकदम मोठा प्रवाह ओढला जातो आणि बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. ठरावीक पातळीच्या खाली गेलं की फोन स्वतःला बंद करतो. पाच मिनिटांनी चालू केलास तर पडद्यावर पुन्हा वीस-बावीस टक्के दिसतात, ते याचमुळे. वीज आत असते, ती मागितलेल्या जोरानं बाहेर येत नाही.

यावरून एक जुनं प्रकरण आठवण्यासारखं आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅपलनं मान्य केलं की बॅटरी झिजलेल्या आयफोनचा वेग आपण सॉफ्टवेअरमधून कमी करतो, ते असे अचानक बंद पडू नयेत म्हणून. लोक भडकले आणि २०१८ मध्ये कंपनीला अमेरिकेत वॉरंटीबाहेरच्या बॅटरीबदलाचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावा लागला. नवी बॅटरी बसवली की तेच फोन पुन्हा पूर्वीच्या वेगानं चालायला लागत. ‘माझा फोन म्हातारा झाला’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांतल्या पुष्कळांची फक्त बॅटरी म्हातारी झाली होती.

तुझी बॅटरी किती उरली आहे हे अंदाजानं ठरवू नकोस. अ‍ॅक्यूबॅटरी नावाचं अ‍ॅप टाक आणि आठवडाभर नेहमीसारखा फोन वापर. रोज निदान १५-२० टक्क्यांपासून ८० पर्यंत एका दमात चार्ज होऊ दे. आठवड्यानं ते उरलेली क्षमता एमएएचमध्ये (बॅटरीची साठवण मोजायचं एकक) दाखवेल. समज बॅटरी ५,००० एमएएचची आहे आणि अ‍ॅप ३,७०० दाखवतंय, तर ७४ टक्के उरली. ८० च्या खाली असेल आणि फोन मधेच बंदही पडत असेल, तर बदलायला हवी, यात शंका नको. फोनची मागची बाजू फुगलेली किंवा पडदा कडेनं उचललेला दिसला तर मात्र आठवडाभर थांबू नकोस. चार्जिंग त्याच दिवशी बंद, आणि दाबून बसवायचा प्रयत्न अजिबात नाही.

त्याआधी फुकटातली एक गोष्ट कर. फोन बंद करून चार्जिंगचं भोक टॉर्चच्या उजेडात बघ. जीन्सच्या खिशातला कापूस तिथे इतका घट्ट बसतो की पिन शेवटपर्यंत जात नाही. मग चार्जिंग सुरू-बंद होत राहतं आणि रात्रभर लावूनही साठच टक्के दिसतात. लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं काढ, सुई किंवा पिन वापरू नकोस. दुसऱ्या एखाद्या चांगल्या केबलनंही एकदा तपासून बघ.

बॅटरी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच बदल. मधल्या किमतीच्या अँड्रॉइड फोनला मजुरी धरून साधारण दीड ते अडीच हजारांत काम होतं. आधी दर लेखी घे. बॅटरी कंपनीची आहे का, किती महिन्यांची वॉरंटी, आणि मागचं झाकण बसवताना नवी चिकटपट्टी लावणार का, हे तीन प्रश्न विचार. जुन्याच गोंदावर झाकण दाबून दिलं की पावसाळ्यात आत ओल जाते. कंपनीची बॅटरी मिळत नसेल आणि बाहेर बसवायची वेळ आलीच, तर तिच्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघ आणि तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपास. बाजारात मूळ बॅटरीपेक्षा हजार एमएएच जास्त छापलेल्या बॅटऱ्या मिळतात. तेवढ्याच आकाराच्या डबीत एवढी जास्त क्षमता मावत नाही, म्हणजे छापलेला आकडा खोटा. देण्याआधी फोनचा पूर्ण बॅकअप घे.

फोटोंचं बघू. नव्या फोनवाल्या मैत्रिणींचे फोटो आपापसात एअरड्रॉप किंवा क्विक शेअरनं, म्हणजे थेट फोनवरून फोनवर, जात असतील आणि तुला तेच फोटो रात्री ग्रुपवर व्हॉट्सअ‍ॅपनं मिळत असतील. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. म्हणजे त्यांच्या स्क्रीनवर मूळ फोटो आणि तुझ्या स्क्रीनवर त्याचा चोथा. त्यात तू काढलेला फोटोही तसाच दबून परत येतो आणि दोष तुझ्या कॅमेऱ्याला लागतो. एकदा कोणालातरी फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग आणि फरक बघ. दुसरं, कॅमेऱ्याच्या भिंगावर संरक्षणासाठी वेगळी काच चिकटवली असेल तर ती काढ. त्या दोन काचांमध्ये धूळ आणि तेलकटपणा जातो, दिव्याभोवती पांढरी आभा येते आणि सगळा फोटो धुरकट होतो. स्वच्छ सुती कापडानं भिंग पूस आणि दुपारच्या उजेडात एक फोटो काढून बघ. कमी उजेडात महागडा फोन चांगला फोटो काढतो, हे खरंच आहे. पण उन्हातला फोटो धुरकट आला तर कारण बहुधा वरच्या काचेतच सापडतं.

फोन अडखळत असेल तर स्टोरेज बघ. १२८ पैकी १२० जीबी भरलं असेल तर कुठलाही फोन रखडतो. फ्लॅश मेमरीत जुनं पुसून नवं लिहायचं तर अख्खा गठ्ठा रिकामा करावा लागतो. शेडमध्ये डाळिंबाचे क्रेट छतापर्यंत रचलेले असले की एक नवा क्रेट ठेवायलाही आधी दहा हलवावे लागतात, तसं. पंधरा-वीस टक्के जागा कायम मोकळी ठेव. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघड, ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आकारानं लावून दाखवतं. विंगच्या ग्रुपमधले व्हिडिओच तिथे दहा-पंधरा जीबी भरतील. मग ऑटो डाउनलोड बंद कर.

आता तुझा खरा प्रश्न, असं का होतं.

पहिलं म्हणजे हा हट्ट नाही आणि तुझ्या स्वभावातला दोषही नाही. हा फोन घरी आला तेव्हा तो बहुधा घरातला सगळ्यात चांगला फोन होता. हॉस्टेलवर तो पाच नव्या फोनांच्या शेजारी चार्जिंगला लागतो. फोन तोच, शेजार बदलला. आपण वस्तू कधीच एकटी बघत नाही, शेजारच्या वस्तूवरून तिची किंमत करतो, आणि हॉस्टेलमध्ये हा शेजार चोवीस तास असतो. एकोणिसाव्या वर्षी, घर सोडून नव्या माणसांत जागा करायची असते तेव्हा, ‘आपण वेगळे पडू नये’ ही गरज पोटाच्या भुकेएवढी खरी असते. फोन ही त्यातली सहज दिसणारी खूण. जेवताना ती टेबलावर ठेवलेली असते, त्यामुळे लपतही नाही. लॅपटॉप खोलीत राहतो, म्हणून त्याचा त्रास जास्त असूनही त्याच्यासाठी जीव तसा तुटत नाही. पैसे फोनकडे निघाले ते यामुळे.

दुसरं म्हणजे दिनदर्शिका. दरवर्षी नवं मॉडेल काढायचं आणि कालचं मॉडेल चालत असूनही जुनं वाटायला लावायचं, ही रीत फोनवाल्यांनी शोधलेली नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सनं ती १९२० च्या दशकात मोटारींसाठी रुळवली. आपल्याकडे तिला आपले सण मिळाले. आयफोन सप्टेंबरात येतो, सेल दसरा-दिवाळीत लागतात, आणि साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा आणि पाडवा याच दिवसांत येतात. घरात वस्तू आणायला शुभ दिवस, बोनस, सवलत आणि मैत्रिणींची खरेदी हे सगळं एकाच महिन्यात अंगावर येतं. त्यात स्क्रीनवर उलटी मोजणी चालू असते आणि एक्स्चेंजची किंमत आजच सगळ्यात जास्त आहे असं दाखवतात. पाचजणींनी एकाच दिवाळीत फोन घेतले याचं आश्चर्य वाटायला नको. तो महिनाच तसा रचलेला असतो.

तिसरी गोष्ट जरा बारीक आहे. नवा फोन एकदा मनात ठरला की जुन्यावरची माया उडते. कव्हर फाटलं तर नवं आणत नाही, फोन बेडवर फेकला जातो, स्टोरेज साफ करायचा कंटाळा येतो, कारण ‘आता जायचाच आहे’. मग तो खरंच खराब होतो आणि निर्णय बरोबर होता असं वाटतं. तू आत्ता याच टप्प्यावर असशील. एक साधं कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास आजच बदल. दोनशे-तीनशे रुपयांत होईल. ऐकायला किरकोळ वाटेल, पण आपल्या वस्तूकडे बघायची नजर त्यानं बदलते.

आणि काही कारणं खरीही असतात, ती झटकून टाकायला नकोत. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं, आणि ठरावीक रिचार्जवर ५जी डेटा अमर्याद मिळतो. तुझा फोन ४जी असेल तर विंगमधल्या इतरांना जे फुकट मिळतं त्यासाठी तुला डेटा मोजून वापरावा लागतो. ही खरी गैरसोय आहे. पण हॉस्टेलवर वायफाय असेल तर ती किती वेळा अडते, ते बघायला हवं.

म्हणून दहा दिवस एक नोंद ठेव. वहीचं एक पान, चार रकाने. काय करत होते, काय अडलं, किती वेळ गेला, आणि शेजारी कोण होतं. फोन किंवा लॅपटॉप बदलावासा वाटेल त्या प्रत्येक वेळी एक ओळ लिही. चौथा रकाना गाळू नकोस, महत्त्वाचा तोच आहे. काही ओळींत काम अडलेलं असेल, त्या वेळी शेजारी कोणीही नसेल. काही ओळींत काहीच अडलेलं नसेल, फक्त शेजारी कुणीतरी असेल. पहिल्या ओळी दुरुस्तीच्या. दुसऱ्या ओळी वाचताना स्वतःला रागावू नकोस. त्या क्षणी काय हवं होतं ते बघ. पुष्कळदा ग्रुप फोटोत असणं, रीलमध्ये असणं, बोलण्यात असणं, हेच हवं असतं. ‘मूळ फोटो मला डॉक्युमेंट करून पाठव’ एवढं म्हटलं तर त्यातलं बरंचसं चार हजारांच्या हप्त्याशिवाय मिळतं.

लॅपटॉपवर मात्र खर्च कर. सांगोल्याला जायच्या आधी किंवा एखाद्या रविवारी हे काम काढ.

लॅपटॉप चालू करून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाब, टास्क मॅनेजर उघडेल. ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कवर एचडीडी, म्हणजे फिरती हार्ड डिस्क, असं लिहिलं आहे का बघ. मग सॉलिडवर्क्स उघड आणि तोच पडदा बघत राहा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांत असेल, तर कारण सापडलं. २०१९ च्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये एक टीबीची, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी फिरती हार्ड डिस्क असायची. सॉलिडवर्क्स उघडताना हजारो लहान फाइल्स वाचल्या जातात आणि प्रत्येकीसाठी डिस्कचा काटा इकडून तिकडे हलवावा लागतो. अशा तुकड्या-तुकड्यांच्या वाचनात ती सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा दाद देते. एसएसडी म्हणजे फोनसारखी चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती हजारो वेळा देते. सहा-सात मिनिटं एका मिनिटाच्या आसपास येणं इथे अगदी शक्य आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालव. त्यात ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ आलं तर डिस्क जाण्याच्या मार्गावर आहे, असाइनमेंट्स आजच दुसरीकडे उतरव. मग मॉडेल नंबरवरून कंपनीचं मॅन्युअल शोध आणि आत एम-डॉट-टू खाच (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) आहे का, असली तर ती एनव्हीएमई ही वेगवान जात चालवते की फक्त साटा ही जुनी, हे बघ. सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या असतात, खाचेत बसतातही, आणि चुकीची असली तर लॅपटॉपला ती दिसतच नाही. खाच नसेल तर जुन्या डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते. ५१२ जीबी पुरेल. किंमत आज काय आहे ते त्याच दिवशी दोन-तीन ठिकाणी विचार, कारण मेमरीचे भाव फार खाली-वर होतात. जीएसटीचं बिल आणि तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असलेलीच घे.

सगळं नव्यानं टाकायचं नसेल तर जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढता येते, तिला क्लोन म्हणतात. एसएसडी यूएसबीच्या डबीत घालून लॅपटॉपला जोडायची आणि क्लोनझिलासारख्या फुकट साधनानं जुनी डिस्क तिच्यावर उतरवायची. १ टीबीवरून ५१२ जीबीवर जाताना आधी विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून जुनं विभाजन आखडून घ्यावं लागतं आणि क्लोनझिलात एक्स्पर्ट मोडमधून डिस्कच्या आकाराची तपासणी वगळावी लागते, नाहीतर क्लोन होत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर आधी बंद कर आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव. ही एक पायरी विसरल्यामुळे अनेकांचा सगळा डेटा कुलपात अडकतो. लॅपटॉप उघडताना रबरी पायांखाली लपलेले स्क्रू विसरू नकोस, कड उचलायला जुनं प्लॅस्टिकचं कार्ड वापर, आणि आत काहीही करण्याआधी बॅटरीची वायर काढ. एम-डॉट-टू पट्टी बसवायचा इवलासा स्क्रू बऱ्याच लॅपटॉपमध्ये आधीपासून नसतो, तो एसएसडीबरोबरच मागून घे. सेलोटेप लावून चालवू नकोस, उष्णतेनं ती सुटते. उघडलाच आहे तर पंख्यातली धूळही मऊ ब्रशनं काढ.

हे स्वतः करायचा धीर नसेल तर मेकॅनिकलची मुलगी म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, जाणत्या सीनियरला शेजारी बसव किंवा दुकानात समोर बसून करून घे.

रॅमचं नंतर बघ. सॉलिडवर्क्सचे निर्माते १६ जीबी किंवा त्याहून जास्त सांगतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली ‘स्लॉट्स यूज्ड’ लिहिलेलं असतं. एक खाच मोकळी असेल तर ८ जीबीची आणखी एक पट्टी पुरते, आणि दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही वेग मिळतो. दुसऱ्या वर्षाचे पार्ट्स आणि छोट्या असेंब्ल्या एवढ्यावर चालतील. शेकडो पार्ट्सची असेंब्ली किंवा मोठं सिम्युलेशन करायचं असेल तेव्हा कॉलेजची कॅड लॅब वापर. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ बहुधा बसेल. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून बघ. त्यात टीपीएम (सुरक्षेची चिप) नाही असं आलं तर घाबरू नकोस, बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, ते बऱ्याचदा नुसतं बंद ठेवलेलं असतं.

हप्त्याबद्दल. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. ‘नो कॉस्ट’मध्ये व्याज असतंच, ते तेवढ्या सवलतीनं झाकलेलं असतं. क्रेडिट कार्डावर १५ टक्के दरानं महिना ४,००० चे १२ हप्ते म्हणजे साधारण ४४,३०० रुपयांचं कर्ज आणि ३,७०० रुपये व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६६० च्या वर. प्रोसेसिंग फी १९९ असली तर जीएसटीसह २३५. सुमारे ९०० रुपये वर जातात, आणि रोखीवर मिळणारी सूट गेली ती वेगळीच. रक्कम मोठी नाही. पण तुमच्या घरी प्रश्न तारखेचा आहे. डाळिंबाला मृग, हस्त किंवा आंबे यांतला एक बहार धरतात आणि पैसे तो माल उतरल्यावर येतात. हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जातो. तेल्याच्या वर्षी एक हप्ता चुकला की बँकेचा दंड वेगळा, कर्ज देणाऱ्याचा वेगळा, आणि नोंद पप्पांच्या सिबिलमध्ये. उद्या तुझ्या पुढच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना सहकर्जदार म्हणून त्यांचाच स्कोअर बघतील. ‘घे बाळा, बघू काहीतरी’ हे त्यांचं प्रेम आहे. त्यात पैशाची सोय झाली आहे असं ते कुठे म्हणालेले नाहीत.

फोन बदलायलाच हवा असे प्रसंग मोजके आहेत. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅच कोणत्या महिन्याचा आहे ते बघ. तो वर्षभर जुना असेल आणि कंपनीनं अपडेट थांबवली असतील, तर यूपीआय वापरणाऱ्यानं पुढच्या फोनसाठी पैसे बाजूला टाकायला सुरुवात करावी. बोर्ड गेला असेल, किंवा दुरुस्ती तशाच वापरलेल्या फोनच्या निम्म्या किमतीवर जात असेल, तरी बदलावा. तेव्हा घेताना किमतीला उरलेल्या अपडेटच्या वर्षांनी भाग. १८ हजारांचा, दोनच वर्षं अपडेट उरलेला फोन वर्षाला नऊ हजारांना पडतो. २४ हजारांचा, सहा वर्षं उरलेला फोन चार हजारांना. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून काही फोनना सात वर्षांचं वचन मिळतं, त्यामुळे वर्ष-दोन वर्षं वापरलेला असा फोनही पुष्कळ टिकतो. वापरलेला घेताना *#०६# लावून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघ आणि मेसेजमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो नंबर लिहून १४४२२ ला पाठव. काळ्या यादीतला असेल तर लगेच कळतं. मूळ बिल नसेल तर घेऊ नकोस. ५जीसाठी एन२८ आणि एन७८ हे दोन्ही बँड (नेटवर्कच्या लहरींचे पट्टे) आहेत ना, तेही बघ.

क्रम असा ठेव. या आठवड्यात कव्हर, भिंग, स्टोरेज आणि बॅटरीची चाचणी. पुढच्या आठवड्यात बॅटरी. मग एसएसडी, आणि सॉलिडवर्क्स उघडायचा वेळ आधी आणि नंतर घड्याळ लावून मोज. पप्पांना फोन करून सांग की ४८ हजार नकोत, लॅपटॉपच्या एसएसडीपुरते आणि बॅटरीचे दीड-अडीच हजार हवेत, आणि कधी जमेल ते त्यांनाच ठरवू दे.

एक राहिलं. एसएसडी बसल्यावर जुनी हार्ड डिस्क यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपला वापरता येते, पण ती लगेच फॉरमॅट करू नकोस. लॅपटॉप दादाचा होता. त्याच्या कॉलेजचे फोटो आणि प्रोजेक्ट अजून त्याच डिस्कवर असतील. त्याला आधी विचार.